गोकुळशेठच्या दारातली हलगी

या, इकडं सावलीला सरका. परवा तुम्ही सावकारीच्या कायद्याचं इचारत होता न्हवं? मला कायद्यातलं काय कळतंय! चौथीत मास्तरनं कान पिरगाळला अन् मी शाळा सोडली, ती सोडलीच. पण आमच्या मुकुंदवाडीत एका बाईनं त्या कायद्याला बोटाला धरून कसा फिरवला, ते सांगतो. चहा सांगितलाय. तो येईस्तोवर तर ऐकाच.

बाईचं नाव मनकर्णाबाई. टेशनकडून आलं की डाव्या अंगाला कोपऱ्यावर तिचा प्लॉट, वीस बाय तीस. म्होरं पिठाची गिरणी, मागं दोन खोल्या. नवरा जाऊन बारा वर्सं झालेली. तिचे केस खरंच पिकले की पिठानं पांढरे झाले, हे तिला सवताला बी सांगता आलं नसतं. तोंड मात्र पक्कं. कुणी किडके गहू आणले तर डब्यात डोकावून म्हणायची, "हे किडे बी दळायचे, का त्यांना आधी उतरवून घेऊ?"

तेरा सालचा दुष्काळ पडला. नळाला आठ-आठ दिसांनी पाणी. टँकर आला की चांगल्या घरच्या बाया एकमेकींच्या झिंज्या धरायच्या. नेमकी त्याच टायमाला गिरणीची मोटर जळाली. बाईच्या मनानं घेतलं, मोटर बी नवी घ्यावी अन् दारात बोअर बी पाडावी. बँकेत गेली, तर तिथं इतके कागद मागितले की तेवढे तिच्या अख्ख्या खानदानाकडं नव्हते. मग गेली गोकुळशेठकडं.

गोकुळशेठ म्हंजे कुणी लांबचा न्हाय, आपल्यातलाच. बाप शेती करायचा. शेत शहरात आलं, त्याचे प्लॉट पडले, पैसा आला. ह्यानं शहरातल्या शहागंजच्या बाजारात भांड्याचं दुकान टाकलं अन् मुकुंदवाडीत तीन मजली घर बांधलं. दुकानात पातेली टांगलेली वरती, खरा धंदा खाली गादीवर. व्याजबट्टा. आता सावकारी करायची तर सरकारचा परवाना लागतो. तो त्याच्याकडं तेवढाच होता, जेवढा माझ्याकडं विमान चालवायचा हाय.

"मावशी, फिकर कायकू करते?" शेठ म्हणला. शहागंजात बसून बसून त्याची जीभ अर्धी तिकडच्या हिंदीची झाली होती. "दोन लाख घिऊन जा. शेकडा तीन म्हैन्याला. घरचं माणूस म्हणून हां! फक्त एक कागद करू. मनाच्या समाधानाला."

तो कागद म्हंजे खरेदीखत. नोंदणीच्या कचेरीत जाऊन, अंगठे-फोटो घिऊन, शिक्के मारून. मनकर्णाबाईनं प्लॉट गोकुळला दोन लाखाला इकला, असं त्यात लिहिलेलं.

"आरं, हे इकल्यासारखं का लिवलंय?" बाईनं इचारलं.

"तारणाचा कागद असाच असतो मावशी. पैसे फिटले की उलटा करून देतो. माझ्यावर भरोसा नाय का?"

आता तोंडावर कोण म्हणणार, नाय म्हणून? बाईनं सही केली. मोटर आली. बोअर चारशे फूट पाडली, त्यातून निघाली धूळ.

तरी बाई इमानदार. दर म्हैन्याच्या पाच तारखेला सहा हजार रुपये पदरात बांधून शहागंजात जायची. पावती मागितली की शेठ अर्धा कप चहा मागवायचा. "पावत्या परक्यांना देतात मावशी. तुम्ही चहा घ्या." असं बावीस म्हैने चाललं.

मग शेंद्र्याकडं कारखान्यांचं वारं सुटलं. रस्ता रुंद झाला. कोपऱ्यावरच्या प्लॉटचा भाव वीस लाखावर गेला. दिवाळीनंतर बाई व्याज घिऊन गेली, तर शेठनं नोटा बोटानं माघारी ढकलल्या.

"याची आता गरज नाय मावशी. प्लॉट माझा हाय. मे म्हैन्यापर्यंत खाली करा. इतके म्हैने भाडं मागितलं नाय, हे उपकार समजा."

त्या दिवशी चहा बी नाय मागवला.

बाई घरी आली अन् गिरणी चालू केली. दळण काहीच नव्हतं, नुसता पट्टा फिरत होता. त्या आवाजात रडलं तर गल्लीला ऐकू जात नाय. पण शेजारची सत्यभामा काय साधी बाई नव्हती. शिवणकाम करायची, अन् जीभ कैचीपेक्षा धारदार. रिकामी गिरणी अर्धा तास चालती म्हंजे काय, हे तिला बरोबर कळलं. आत आली अन् तिनं बटणच बंद केलं.

"आक्का, लाईटबिल वाढतंय. काय झालं ते बोल."

सगळं ऐकून घेतल्यावर सत्यभामानं कपाळावर हात मारला नाय. ती म्हणली, "नवा कायदा आलाय. बिगरपरवान्याच्या सावकारानं कर्जापायी खरेदीखत करून जागा गिळली, तर ती त्याच्या नरड्यातून काढता येती. उपनिबंधकाच्या कचेरीत अर्ज द्यायचा. मी लिहिते, तू सही कर. ह्या बारीला वाचून कर."

अर्ज दिला. फेब्रुवारीत सुनावणी लागली. तिथं पद्मजा म्याडम म्हणून साहेब होत्या. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, अन् बोलणं मोजून. गोकुळशेठ पांढऱ्या कपड्यात आला. त्याच्या अंगाला अत्तराचा इतका वास की शिपायाला दोनदा शिंक आली.

म्याडमनी कागद वाचले. "मनकर्णाबाई, कायदा तुमच्या बाजूनं आहे, पण कागद यांच्या बाजूनं आहे. हा व्यवहार म्हणजे कर्जच होतं, हे मी कशावरून मानू? व्याज दिल्याच्या पावत्या आहेत?"

"पावत्या नाय म्याडम. चहा प्यायले."

"म्हणजे?"

"पावती मागितली की अर्धा कप द्यायचा. बावीस बारी. अकरा कप झाले पुरे."

शिपाई हसला. म्याडम हसल्या नाहीत, पण चष्मा जरा वर सरकवला.

शेठ हात जोडून म्हणला, "म्याडम, मी रीतसर मालक हाय. दोन लाखाला घेतला. बाई विधवा, म्हणून दयेनं राहू दिलं. त्याचं हे फळ."

"मालक आहात, मग या जागेची घरपट्टी कोण भरतं?"

शेठनं अत्तराचा रुमाल काढला. "ते... नाव लावायचं राहून गेलं. कामाच्या गडबडीत."

म्याडमनी तेवढं लिहून घेतलं अन् बाईला म्हणल्या, "वीस एप्रिलची तारीख देते. तोपर्यंत पुरावा आणा. नाही आणला, तर माझा इलाज नाही. कागदावर आहे ते मला धरावं लागेल."

भाईर आल्यावर शेठनं मोटारीचं दार उघडलं अन् हसत म्हणला, "मावशी, सोडून देऊ का घरापर्यंत? घर माझंच हाय, वाट ठावं हाय मला."

सत्यभामा काहीतरी तिखट बोलणार होती, तर बाईनं तिचा हात दाबला अन् दोघी रिक्षात बसल्या. रिक्षा चिकलठाण्याच्या रस्त्याला लागली. मग एकदम तिला हसू फुटलं. रिक्षावाल्यानं आरशात बघितलं, काय फिटबिट आली का म्हणून.

"सत्यभामे, माझी घरपट्टी किती थकली गं?"

"एकसष्ट हजार. दंड धरून. तूच तर नोटीस पिठाच्या डब्याखाली दाबून ठिवलीस."

"मग ती मालकानं भरायला पायजे का नको?"

सत्यभामानं तिच्या मांडीवर थाप मारली. "आक्का, तू येडी बी झालीस अन् शानी बी."

दुसऱ्या दिवशी दोघी महापालिकेच्या वॉर्ड कचेरीत. तिथं लक्ष्मणराव म्हणून वसुलीचे कारकून. मार्च म्हैना तोंडावर, वरून साहेबांचा तगादा, वसुली निम्मी बी नाय. माणूस इतका पिडलेला की पंख्याकडं बघितलं तरी त्याला थकबाकीचा आकडा दिसायचा.

"साहेब," मनकर्णाबाई म्हणली, "माझ्या प्लॉटवरचं माझं नाव काढा अन् मालकाचं लावा. हे घ्या खरेदीखताची झेरॉक्स."

लक्ष्मणराव म्हणले, "बाई, वीस वर्षं नोकरी झाली. लोक जागेवर नाव लावायला भांडतात. स्वतःचं नाव काढा म्हणणारी तुम्ही पहिली."

"खोटं कशाला राहावं साहेब? शेठ म्हणत्यात मी मालक. उपनिबंधकाच्या म्याडमपुढं म्हणाले, त्यांनी लिहून बी घेतलंय. मग कर बी त्यांचाच."

"पण आधी थकबाकी भरावी लागेल, मग नाव लागेल."

"तेच म्हणते मी. त्यांच्याकडून घ्या. तीन मजली घर हाय, सापडायला सोपं."

लक्ष्मणरावांनी नाव वाचलं. गोकुळ. अन् त्यांचा चेहरा, पहिल्यांदाच त्या म्हैन्यात, जरा उजळला. तुम्हाला सांगायचं राहिलं, त्या साली एप्रिलात महापालिकेची निवडणूक होती, अन् गोकुळशेठ आमच्या वॉर्डातनं उभा राहणार होता. भिंतीवर त्याचे फोटो लागलेले, हात जोडलेले. आता उभं राहायचं तर महापालिकेचा दाखला लागतो, की बाबा ह्या माणसाकडं एक रुपया बाकी नाय. तो दाखला कोण देणार? वॉर्ड कचेरी.

"बघतो," लक्ष्मणराव म्हणले. पण त्यांनी झेरॉक्स खणात न्हाय ठेवली, खिशात ठेवली.

घरी येताना सत्यभामा म्हणली, "एकट्या तुझ्या एकसष्ट हजाराचं त्याला काय वाटणार? फेकून देईल अन् पक्का मालक होऊन बसंल. तवा आपण काय करायचं?"

ह्याचा बाईनं इचार केला नव्हता. कर त्यानं भरला तर तीच पावती तो म्याडमपुढं ठेवणार, अन् मग तर प्लॉट गेलाच. आपल्याच हातानं आपण दोर कापला की काय! दोन दिवस तिला भाकर गेली नाय.

तिसऱ्या दिवशी दळण घिऊन सरूबाई आली. पलीकडच्या गल्लीतली. डबा ठेवता ठेवता बारीक आवाजात म्हणली, "मनकर्णे, तू गोकुळच्या कागदापायी कचेरीत गेलीस म्हणं. माझा बी कागद तसलाच हाय गं. मी बी चहाच प्यायलेय."

मग टेशनामागची भामाबाई आली. मग वच्छलाबाई. आपल्या एकटीचंच असं झालं म्हणून लाजून जी ती गप होती. पिठाच्या गिरणीवर आठ दिसांत मनकर्णाबाईला धरून सात जणी निघाल्या. साती जणींची घरपट्टी थकलेली, साती जणींची खरेदीखतं. सत्यभामानं सगळ्यांच्या झेरॉक्सा काढल्या अन् लक्ष्मणरावांच्या टेबलावर नेऊन ठेवल्या. बेरीज झाली चार लाख अडतीस हजार.

लक्ष्मणराव खुर्चीतून उठूनच उभे राहिले. "बाई," ते म्हणले, "माझं टार्गेट पुरं होतंय हो!"

मार्चची तीस तारीख. दुसऱ्या दिवशी शेठ मिरवणुकीनं अर्ज भरायला जाणार होता. घराखाली मांडव, खुर्च्या, पोह्याचं पातेलं. कार्यकर्ते टोप्या घालून बघत होते, कुणाची सैल, कुणाची घट्ट. सकाळी दहाच्या सुमाराला गल्लीच्या तोंडाशी हलगी वाजायला लागली. तड् तड् तड्, तडतडतड.

शेठ वरून ओरडला, "आरं, हलगी उद्या सांगितली होती! आजच कशी आली?"

ती त्याची हलगी नव्हती. घरपट्टी थकली की महापालिका दारात हलगी लावती, हे तुम्हाला ठावं असंल. म्होरं सांडू हलगीवाला, त्याच्या मागं लक्ष्मणराव फाईल घिऊन, दोन शिपाई, अन् त्यांच्या मागं सात बाया. मनकर्णाबाई सगळ्यात मागं. आज तो पैसे फेकतो का काय, एवढंच तिच्या डोक्यात.

"चार लाख अडतीस हजार," लक्ष्मणराव म्हणले. "सात मालमत्ता. मालक आपण. भरा, दाखला देतो. नाही भरले, तर दाखला नाही."

"सात?" शेठ पायऱ्या उतरून आला. "येड लागलंय का? कोणच्या सात?"

लक्ष्मणरावांनी एकेक नाव मोठ्यानं वाचलं. सांडूनं प्रत्येक नावाला एक फेरा वाजवला. वॉर्डातली माणसं गच्चीवर, पाणपोईवर, खांबावर. टोप्या घातलेले कार्यकर्ते एकमेकांकडं बघायला लागले. त्यातल्या एकाच्या सासूचं नाव पाचवं होतं.

शेठच्या डोक्यात चक्र फिरत होतं, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. पैसे भरावेत, तर मालक झाला. मालक झाला, तर उद्याच्या अर्जात सगळी मालमत्ता दाखवावी लागती, तिथं हे सात प्लॉट लिहायचे. लिहिले, की सगळा वॉर्ड वाचणार, की आपण ज्याला मत देणार त्यानं आपल्याच गल्लीतली सात घरं खिशात घातलीत. सांडू तर काय, हात दुखल्यासारखा थांबायचा अन् शेठनं तोंड उघडलं की पुन्हा सुरू.

"बंद कर रं ती!" शेठ ओरडला. "साहेब, हे प्लॉट माझे नाहीत!"

हलगी थांबली. मनकर्णाबाईनं मान वर केली.

"खरेदीखतं तुमच्या नावावर आहेत," लक्ष्मणराव म्हणले. "नुसतं माझे नाहीत म्हणून भागत नाही. मग ही खतं कशाची, ते लिहून द्या. नाहीतर साहेब मला धरतील. सांडू, चालू दे."

तड् तड् तड्.

आतून शेठची आई भाईर आली. चंपाबाई. नऊवारी, कपाळावर पट्टी, डोकं दुखत होतं बिचारीचं. "आरं गोक्या, लिहून टाक ना! व्याजानं पैसे दिलेत अन् तारण म्हणून कागद केलेत, हे काय चोरून हाय का? आख्ख्या गल्लीला ठावं हाय! ती हलगी बंद कर आधी, माझं डोस्कं फुटाया लागलंय!"

शेठनं आईकडं बघितलं, मांडवाकडं बघितलं, अन् पेन मागितलं. खुर्चीवर बसून त्यानं लिहिलं. लक्ष्मणराव शब्द सांगत गेले, तो लिहीत गेला. सदर सात जागांचा मी मालक नाही. खरेदीखतं फक्त दिलेल्या रकमेचं तारण म्हणून केली. जागा मूळ मालकांच्याच आहेत, कर त्यांच्याकडून घ्यावा. खाली सही, तारीख, दोन साक्षीदार. साक्षीदार त्याचेच टोपीवाले.

"झालं?" शेठ म्हणला. त्याला वाटलं, महापालिकेचा कागद, महापालिकेच्या फायलीत सडणार.

मनकर्णाबाई म्होरं आली. आवाज एकदम गरीब. "साहेब, कर मला भरायचाय म्हंता ना? मग मला बी एक नक्कल पायजे. शिक्क्याची."

"देतो की," लक्ष्मणराव म्हणले, अन् त्यांनी डोळा मारला का डोळ्यात कचरा गेला, ते मला नक्की सांगता येणार नाय.

शेठला दाखला मिळाला. अर्ज भरला. निवडणुकीत काय झालं ते इचारू नका. त्याच्या सवताच्या गल्लीतल्या पेटीत त्याला जेवढी मतं पडली, त्यापेक्षा जास्त माणसं त्याच्या घरात जेवत्यात.

वीस एप्रिलला सुनावणी. म्याडमनी बाईनं दिलेली ती शिक्क्याची नक्कल एकदा वाचली, मग चष्मा काढून पुसून परत वाचली.

"ही सही तुमची?"

शेठच्या अत्तरातून घाम यायला लागला. "म्याडम, ते तर कर वाचवायला लिहिलं होतं. खरं नाय ते."

"म्हणजे महापालिकेला खोटं लिहून दिलंत? आणि उमेदवारी अर्जात हे सात प्लॉट दाखवले नाहीत, तेही खोटं? तसं असेल तर तसं सांगा. मी तेही लिहून घेते अन् दोन्हीकडं कळवते."

शेठ इकडं बघतो, तिकडं बघतो. "नाय... खरंच हाय ते."

"कोणतं?"

"तारणाचं."

"आणि सावकारीचा परवाना?"

त्यावर शेठनं शिपायाकडं पाणी मागितलं. शिपाई म्हणला, "आज नळ नाय आला साहेब."

म्याडमनी निकाल दिला. खरेदीखत रद्द, प्लॉट बाईचा. बाकीच्या सहा जणींचे अर्ज बी दाखल झालेत, त्यांच्या तारखा लागल्यात. बिगरपरवान्याच्या सावकारीचं प्रकरण वेगळं चालू हाय. बाई निकालाचा कागद घिऊन भाईर आली तर तिला पायरीच दिसंना. सत्यभामानं दंडाला धरून खाली उतरवली अन् म्हणली, "आक्का, आता तरी रड. गिरणी लांब हाय." तवा रडली ती. रस्त्यावर, उन्हात, मोठ्यानं.

आता कायद्याची गंमत बघा. प्लॉट बाईचा म्हणून सरकारनं शिक्का मारून दिला, म्हंजे घरपट्टी बी बाईचीच. एकसष्ट हजार, अन् नव्या वर्साचं व्याज चढलेलं वेगळं. परवा लक्ष्मणराव स्वतः दळण घिऊन आले, गव्हाच्या डब्यावर नोटीस ठिवली अन् लाजत म्हणले, "मनकर्णाबाई, मालक आपण."

बाई भरणार हाय, नाय म्हणत नाय. पण एकदम कुठून आणणार? तुमची महापालिकेत वरच्या साहेबाशी वळख हाय, असं कुणीतरी म्हणलं मला. तेवढं तिचे सहा हप्ते बांधून द्यायला सांगा ना. अन् हां, प्रत्येक हप्त्याची पावती लेखी पायजे म्हणावं. चहा ती घरीच पिती.